जुनी रेव्हेन्यू तिकिटं जमवायचीत? मग आधी कात्री बाजूला ठेवा

टपाल तिकिटं जमवणारे गल्लोगल्ली भेटतात, पण कोर्ट फी, रेव्हेन्यू, हुंडी, शेअर ट्रान्सफर असली सरकारी कराची तिकिटं जमवणारे अजूनही कमीच, आणि त्यामुळेच इथे नवख्या माणसाला थोड्या पैशात बरंच काही मिळू शकतं. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे: तिकीट कागदावरून काढायचं नाही. कापायचं नाही, पाण्यात भिजवायचं नाही, वाफेवर धरायचं नाही. टपाल तिकिटाची सवय असलेला माणूस पाकीट दिसलं की कोपरा कापून वाटीत टाकतो. ती सवय इथे आणली की मालाची माती झालीच म्हणून समजा. टपाल तिकिटाचं काम पाकीट पोचलं की संपतं, कराचं तिकीट मात्र कुणाच्या तरी व्यवहाराला चिकटलेलं असतं, आणि तो व्यवहार काय होता, कधी झाला, कितीचा होता, हे सगळं खालच्या कागदावर असतं. तिकीट सोडवून घेतलं की हातात उरतो फक्त रंगीत तुकडा.

थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर समोर काय आलंय तेच कळत नाही. कागदावर छाप मारून कर घ्यायची आयडिया डच लोकांची, १६२४ सालची. इंग्लंडने ती १६९४ मध्ये उचलली, आणि १७६५ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींवर लादली तेव्हा तिथे इतका दंगा झाला की पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. आपल्याकडे कंपनी सरकारने पहिला नियम बंगालात काढला १७९७ मध्ये, मग मद्रास, मुंबई इलाखा वगैरे. तेव्हा चिकटवायचं तिकीट नव्हतंच, छापलेला कागदच विकत घ्यायचा आणि त्यावर दस्त लिहायचा, म्हणजे आपला स्टँप पेपर. १८५७ नंतर सरकारची तिजोरी खडखडीत झाली होती, म्हणून मग १८६० मध्ये पूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच कायदा आला. चिकटवायची तिकिटं या १८६० च्या दशकापासून धडाधड दिसायला लागतात. पुढे १८७० चा कोर्ट फी कायदा आणि १८९९ चा स्टँप कायदा. हे दोन आकडे पाठ करून ठेवा, कारण तुम्हाला जे कागद मिळणार त्यातले बहुतेक या दोघांच्याच राज्यातले असणार.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात प्रत्येक कामाला वेगळं तिकीट होतं. पावतीला रिसीट, परदेशी हुंडीला फॉरेन बिल, शेअर विकले की शेअर ट्रान्सफर, नोटरीचं वेगळं, छोट्या दाव्यांच्या कोर्टाचं म्हणजे स्मॉल कॉज कोर्टाचं वेगळं, तारेचं सुद्धा वेगळं. तारेच्या तिकिटाची गंमत अशी की त्यावर राणीची दोन डोकी असायची, एक वर एक खाली, वरचा अर्धा तुकडा तार करणाऱ्याला पावती म्हणून मिळायचा आणि खालचा ऑफिसात फॉर्मवर राहायचा. म्हणून आज बाजारात वरचे अर्धेच जास्त मिळतात, आणि कुणी "हे फाटलेलं आहे, स्वस्तात घ्या" म्हणालं तर ते फाटलेलं नसतं, तसंच असतं. अजून एक किस्सा १८६६ चा. सहा आण्यांच्या टपाल तिकिटांची टंचाई पडली तेव्हा सरकारने फॉरेन बिलाची तिकिटं घेतली, वरची आणि खालची अक्षरांची पट्टी कापून टाकली, मध्ये हिरव्या शाईत 'पोस्टेज' छापलं आणि टपालाला वापरली. कराचं तिकीट एका रात्रीत टपालाचं झालं. टपालवाले त्याला खूप भाव देतात, बिचारं मूळचं फॉरेन बिल मात्र धूळ खात पडलेलं असतं.

मग १९०६ मध्ये एडवर्ड राजाची अर्धा आणा आणि एक आण्याची तिकिटं 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' अशी आली, म्हणजे पत्रालाही चालेल आणि पावतीलाही. हा मुद्दा कागदाचा काळ ओळखायला फार कामाचा आहे. पावतीवर निव्वळ 'रिसीट' लिहिलेलं तिकीट असेल तर आधीचा काळ, दोन्ही शब्द असतील तर नंतरचा.

आता एक साधी भाडेपावती घेऊ, कारण सुरुवातीला तुमच्या हातात हीच येणार. माझ्याकडे गिरगावातल्या एका चाळीची १९३० च्या दशकातली आहे. छापील नमुना, त्यात खोलीचा नंबर, महिना आणि रक्कम हाताने भरलेली, खाली डाव्या कोपऱ्यात पाचव्या जॉर्जचं एक आण्याचं तिकीट, आणि घरमालकाची सही अशी तिरकी मारलेली की अर्धी राजाच्या तोंडावर आणि अर्धी कागदावर. लोकांना वाटतं सहीने तिकीट खराब केलंय. उलट, तीच तर पाहिजे! चिकट तिकीट परत वापरता येऊ नये असं ते रद्द करायचं, हे कायद्यातच सांगितलेलं आहे, आणि नाव नाहीतर आद्याक्षरं तारखेसकट तिकिटावर लिहिणं ही त्याची सरळ पद्धत. शाई तिकिटावरून कागदावर सलग उतरलेली दिसली म्हणजे तिकीट त्याच कागदाचं, हा पुरावा. आणि रक्कम बघा. १८९९ च्या कायद्यात वीस रुपयांच्या वरच्या पावतीलाच एक आण्याचं तिकीट लागायचं. वीसच्या आतलं भाडं असेल तर पावती कोरी, वरचं असेल तर तिकीट. मग काही हुशार मंडळी एकाच रकमेचे दोन तुकडे करून दोन पावत्या देणार हे सरकारला ठाऊक होतं, म्हणून तसं करणाऱ्याला शंभर रुपयांपर्यंत दंडाचं कलमही त्याच कायद्यात आहे. कधी जुन्या गठ्ठ्यात एकाच दिवसाच्या, एकाच माणसाच्या, पंधरा-पंधरा रुपयांच्या बिनतिकिटाच्या दोन पावत्या सापडल्या तर फेकू नका, त्या तिकीट नसतानाही या छंदातल्याच वस्तू आहेत.

कोर्ट फीच्या तिकिटांना भोक असतं. अगदी मध्यात, राजाच्या किंवा राणीच्या चेहऱ्यावर, गोल. नवीन माणूस ते बघून तिकीट बाजूला ठेवतो की हे डॅमेज आहे. १८७० च्या कायद्याच्या ३० व्या कलमात लिहिलंय की कागद दाखल करून घेताना चित्रातलं डोकं पंच करून काढायचं, किमतीचा आकडा मात्र शाबूत ठेवायचा, आणि तो पंच केलेला तुकडा जाळून किंवा दुसऱ्या रीतीने नष्ट करायचा. जाळायचा! म्हणजे कारकुनाने नंतर तुकडा परत चिकटवून तिकीट दुसऱ्याला विकू नये. तेव्हा भोक हा दोष नाही, भोक म्हणजे तिकिटाने आपलं काम केलं. संस्थानांत तर गोलच भोक असं काही नाही, वेगळ्या आकाराचे पंच, रबरी शिक्के, पेनाच्या फुल्या, सगळं भेटतं. बिनभोकाचं तिकीट अर्थात जास्त कोरं दिसतं, पण माझ्या मते भोक पडलेला पूर्ण अर्ज सुट्या कोऱ्या तिकिटापेक्षा कधीही सरस.

संस्थानं हा या छंदातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात मजेचा भाग. स्वतःची टपाल तिकिटं काढणारी संस्थानं मोजकीच, आजच्या महाराष्ट्राचा विचार केला तर भोरने १८७९ मध्ये हाती छाप्याची आणि १९०१ मध्ये पंतसचिवांच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, चित्राची काढली, निजामाच्या हैदराबादची होती, बाकी शुकशुकाट. पण कोर्ट फी आणि रेव्हेन्यू? ज्या संस्थानाचं स्वतःचं न्यायालय त्याला स्वतःचं उत्पन्न हवंच, म्हणून कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, फलटण, औंध, सावंतवाडी, जंजिरा, सगळीकडे तिकिटं. बाहेर बघितलं तर बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, देवासच्या थोरली-धाकटी अशा दोन्ही पात्या (शाखा), म्हणजे मराठी माणसांचा कारभार जिथे जिथे पोचला तिथे तिथे. कोल्हापूर किंवा बडोद्याला टपालाचं स्वतःचं तिकीट नव्हतं, त्यामुळे टपालवाल्यांच्या अल्बममध्ये ही नावं नसतातच, आणि आपल्याला तीच पाहिजेत.

मराठवाड्याच्या लोकांनी तर दुसरीकडे बघूच नये. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तिथले जुने कागद उर्दूत, कधी मराठीत, आणि हैदराबादच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजीसोबत मराठी आणि तेलुगू अक्षरं एकाच चौकटीत दाटीवाटीने बसवलेली. किंमत आणे-रुपयातच, पण हा रुपया हाली सिक्का, ब्रिटिश रुपयापेक्षा थोडा हलका. सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश, रुपयाला साधारण सात हाली. आणि तारखा फसली, म्हणजे महसुली सालाच्या. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण निजामाचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून पहिले तीन महिने सोडले तर ५९१ धरायचे. आजूर, दय, बहमन ही महिन्यांची फारशी नावं दिसली की गोंधळू नका, वर्षाची सुरुवात आजूरपासून. बाकी ठिकाणी शके असेल तर ७८ मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा, वर्षाच्या टोकाला एखाद्या सालाची चूक होते तेवढं चालतं.

गोवेकरांसाठी पोर्तुगीज इंडियाची कराची तिकिटं आणि 'पापेल सेलादो' म्हणजे छापील मुद्रांक कागद, हा स्वतंत्र विषय आहे. तिथे रुपिया, टंगा आणि रेईश, एका रुपियाला सोळा टंगा. १९५९ पासून एस्कुदो आले, एका रुपियाला सहा एस्कुदो. तारीख खोडलेल्या कागदाचा काळ चलनावरूनच लागतो. तसंच आपल्याकडे: आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, नये पैसे असतील तर १९५७ ते १९६४, नुसते पैसे असतील तर त्यानंतरचं.

माल कुठे मिळतो? पहिली जागा घर. माळ्यावरची ट्रंक, आजोबांची वकिली असेल तर दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, दुकान असेल तर खतावण्या. जुन्या शेअर ट्रान्सफर फॉर्मच्या मागच्या बाजूला शेअर ट्रान्सफरची तिकिटं ओळीने चिकटवलेली असतात, डीमॅट येण्याआधीचे असे फॉर्म अनेक घरांत पडून आहेत आणि कुणी पान उलटून बघत नाही. फक्त एक पथ्य: जमिनीचं खरेदीखत, वाटणीपत्र, गहाणखत फेडल्याचा कागद असलं काही सापडलं तर ते घरच्या फाइलीतच राहू द्या, भाऊबंदकीत कुणाला कधी लागेल सांगता येत नाही, फोटो काढा आणि फोटोच संग्रहात ठेवा.

दुसरी जागा रद्दीवाला, पण रद्दीवाल्याशी आधी ओळख वाढवावी लागते. "जुने हाताने लिहिलेले कागद आले तर फाडू नको, मला फोन कर" एवढं सांगून ठेवायचं आणि पहिल्यांदा काहीच कामाचं नसलं तरी थोडं घ्यायचं, नाहीतर दुसऱ्यांदा फोन येत नाही. पुण्यातला जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, या जागा आहेतच. महापेक्ससारख्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात डीलरच्या स्टॉलवर जा, पण अल्बम मागू नका, टेबलाखालचा खोका मागा. ऑनलाइन घ्यायचं तर दोन्ही बाजूंचे फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, मागची बाजू दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे काहीतरी गडबड असते. डीलरकडून पावती घ्या, आणि रक्कम पाच हजारांच्या वर गेली तर त्या पावतीवर एक रुपयाचं तिकीट लावून सही करायला सांगा, २००४ पासून कायदा तोच आहे आणि डीलरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सुरुवात कशाने करावी यावर माझं मत स्पष्ट आहे. सगळा हिंदुस्थान जमवायला जाऊ नका. एक संस्थान घ्या, किंवा एक कागदाचा प्रकार घ्या, जसं फक्त वकीलपत्रं, फक्त भाडेपावत्या, फक्त हुंड्या. करमणूक कराची तिकिटं पण मस्त विषय आहे, मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने हा कर आला आणि नाटक-सिनेमाच्या तिकिटावर कराचं तिकीट दिसायला लागलं. पाचव्या आणि सहाव्या जॉर्जची एक आण्याची सुटी तिकिटं मात्र पैसे देऊन घेऊ नका, ती पोत्याने आहेत. संस्थानांसाठी सगळे डीलर कोपेल आणि मॅनर्स यांच्या कॅटलॉगचे नंबर सांगतात, 'केएम अमुक' असं कानावर पडेल ते हेच. विकत घ्यायच्या आधी कुणाचा तरी बघा, त्यात तिकिटांचे टाइप कसे पाडलेत ते समजलं की निम्मं काम झालं.

बऱ्याच संस्थानी कागदांवर मजकूर मोडीत असतो. मोडी येत नसेल तर तिकीट ओळखता येईल पण कागद मुका राहील. पुणे, कोल्हापूरकडे पुराभिलेख खात्याचे आणि काही संस्थांचे मोडीचे वर्ग होतात, थोड्या सरावाने निदान गाव, रक्कम आणि तारीख वाचता येते, आणि आपल्याला तेवढंच आधी लागतं.

नकली माल आहे, आणि वाढतोय. मुख्य प्रकार तीन. एक, जुन्या कोऱ्या कागदावर आज छापलेलं तिकीट, हे भिंगाखाली लगेच पकडलं जातं कारण आजच्या प्रिंटरचे रंगाचे ठिपके दिसतात, जुन्या छपाईत रेघ सलग असते. दोन, खरं तिकीट पण धुतलेलं, पेनची सही रसायनाने काढून 'कोरं' म्हणून विकलेलं. यूव्ही टॉर्च मारला की बऱ्याचदा गेलेल्या सहीची सावली वर येते, आणि रंग आजूबाजूपेक्षा फिका असतो. तीन, खरं तिकीट आणि खरा कागद, पण दोघांची गाठ काल पडलेली. साध्या कागदावर महागाचं संस्थानी तिकीट चिकटवलं की किंमत वाढते ना! इथे बघायचं की सही किंवा शिक्का तिकिटावरून कागदावर सलग जातोय का, पंच तिकिटातून खालच्या कागदालाही आरपार आहे का, आणि मागून कागद धरला तर डिंकाचा जुना पिवळा डाग तिकिटाच्याच आकाराचा आहे का. तिकिटाच्या कडेबाहेर दुसऱ्याच तिकिटाचा डाग डोकावत असेल तर नमस्कार करून परत द्यायचं.

ठेवायचं कसं? जुने स्टँप पेपर आणि कोर्टाचे अर्ज फुलस्केपपेक्षाही मोठे असू शकतात, ए-फोर फोल्डरमध्ये कोंबले की घडी पडते आणि घडीवरच कागद तुटतो. मोठं ॲसिड-फ्री फोल्डर घ्या, किंवा पॉलिस्टरचे स्लीव्ह. स्वस्त पीव्हीसीचे फोटो अल्बम नकोत, काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढतात. लॅमिनेशन तर मुळीच नाही, सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, इस्त्री नाही. घडी उलगडायची असेल तर दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचं वजन, आणि धीर. आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे कोकणातला, मुंबईतला पावसाळा आणि कसर. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, श्रावण संपला की एकदा सगळं काढून सावलीत वारं लागू द्या, उन्हात नाही. टाचण्या आणि सुतळी गंजत-कुजत असतील तर काढा, पण ज्या क्रमाने कागद बांधलेले होते तो क्रम आधी लिहून ठेवा, कारण एका दाव्याचे पाच कागद एकत्र असले तरच ती केस समजते. आणि प्रत्येक कागदाची नोंद पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर: कुठून आला, काय दस्त, तारीख मूळ आणि इसवी, तिकिटं कोणती, रद्द कशी केलीत.

शेवटी कायद्याचं थोडं, कारण यात माणसं उगाच अडकतात. जुने कोरे, न लिहिलेले स्टँप पेपर घेऊ नका, विशेषतः स्वातंत्र्यानंतरचे. मागच्या तारखेचे खोटे दस्त बनवणाऱ्यांना तेच हवे असतात, आणि तेलगी प्रकरणानंतर तुमच्या कपाटात असा गठ्ठा सापडला तर 'छंद आहे' हे सांगून पटणार नाही. वापरलेलं तिकीट साफ करून परत चालवणं तर सरळ गुन्हाच. आणि परदेशातल्या मित्राला, नातेवाईकाला कागद पाठवायचा असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांपेक्षा जुना असेल तर तो पुरावस्तू धरला जाऊ शकतो आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९४० चं वकीलपत्र कुरिअरने न्यू जर्सीला पाठवायच्या आधी भारतीय पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा, ते पुरावस्तू नसल्याचा दाखला देतात. तोवर चांगल्या रिझोल्यूशनचा, दोन्ही बाजूंचा स्कॅन पाठवा.